थंड पाण्यातला सूट

आई,

दादाचा दोस्त प्रितेश आलाय. त्याच्याबरोबर कामोठ्याला जातेय, पाणबुड्यांचा सूट घालून बघायला. कालच सांगणार होते, पण तू दादाच्या शर्टांच्या घड्या करत बसली होतीस.

दादा धरणात बुडाला तेव्हा शोधणाऱ्यांचे सूट समुद्रातले, पातळ होते. तळाच्या गारठ्याने ते लगेच वर यायचे, म्हणून त्याला काढायला चार दिवस गेले. मी जाड सूट घेणार आहे, टोपी नि हातमोज्यांसकट. बचाव पथकात नाव दिलंय.

प्रितेश म्हणाला, "आधी रडून तरी घे." मला रडूच येत नाही.

बांगडे साफ करून फ्रीजमध्ये ठेवलेत. नको म्हणायचं असेल तर बारापर्यंत फोन कर. मी उचलेन. नंतर मात्र सूट घेऊनच येईन.

मिताली