एका शिंपल्याची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, धंदा शिंपल्यांना नावे देणे आणि जमल्यास माणसांना ठेवणे, आज पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाचाही धाक किंवा भीड न बाळगता, आपखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. प्रकृती ठणठणीत आहे. मंगळवारपासून मला वरचेवर हसू फुटते, परंतु डॉक्टरांनी नाडी पाहून हा आजार नव्हे असे लेखी दिले आहे. तो कागद सोबत जोडला आहे. याआधीची माझी तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती आणि तिन्हींतले महत्त्वाचे वाक्य एकच होते: थोरल्या बहिणीला काहीही देऊ नये.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरची माझी दोन खोल्यांची जागा भाचीला, म्हणजे त्याच थोरल्या बहिणीच्या मुलीला द्यावी. न्हाणीघरात खाऱ्या पाण्याच्या बादल्या ठेवून मी नऊ वर्षे जिवंत शिंपले पाळले, त्यामुळे फरशीवर पांढरे डाग पडले आहेत. ते जाणार नाहीत, तिने उगाच कंबर मोडू नये. बँकेत जे काही असेल तेही तिलाच. शिंपल्यांचा अभ्यास करून कोणी गबर झाल्याचे ऐकिवात नाही.

कलम २. माझे भिंग, चिमटे, तीन चाळण्या आणि मोजायचे पितळी साधन तळमजल्यावरच्या सुताराला द्यावे. माझे बेचाळीस खणांचे कपाट त्याने केले. शिंपला म्हणजे काय हे त्याच्याइतक्या चटकन एकाही विद्यार्थ्याला कळले नाही. मी त्याला सांगितले की याला डोके नसते. एक पाय असतो, चिखलात शिरायला, आणि दोन नळ्या, एकीने पाणी आत, दुसरीने बाहेर. पाण्यातले बारीकसारीक गाळून घ्यायचे आणि पडून राहायचे. (आमचे हे म्हणत, "डोक्यावाचून चालतं? मग आमचा साहेब समुद्रातलाच.") मग मी दोन झाकणे उघडून दाखवली. एका झाकणाचे दात दुसऱ्याच्या खाचांत बसतात. सुतार म्हणाला, "बाई, ही तर बिजागरी. आणि एकाची दुसऱ्याला लागणार नाही, खरं ना?" अगदी खरे. एका शिंपल्याचे झाकण दुसऱ्या शिंपल्याला कधीही नीट बसत नाही. एवढे त्याला कळले; मला आणि ताईला कळायला सत्तावीस वर्षे लागली.

कलम ३. आता भांडण. ते कोणालाही वारसाने मिळू नये म्हणून इथे पूर्ण लिहून संपवते.

ताईचाही धंदा हाच. सत्तावीस वर्षांपूर्वी ओहोटीला मी आणि ताई एकाच किनाऱ्यावर उतरलो. मी चाळणी घेऊन चिखलात, ती वर कोरड्या वाळूत. मला एक झाकण मिळाले, डावे, काळसर. तिला एक मिळाले, उजवे, पांढरे फटक. तशी झाकणे यापूर्वी कोणाच्या पाहण्यात नव्हती. दोघी आपापला ऐवज कागदात गुंडाळून घरी आलो आणि एकमेकींना दाखवला नाही, कारण तेव्हा दोघींनाही पहिले व्हायचे होते.

झाकणाच्या आत एक रेघ असते. प्राण्याच्या नळ्या आत ओढल्या जातात तिथे ती रेघ वळून खोबण होते. खोबण खोल तर नळ्या लांब, आणि नळ्या लांब तर प्राणी खोलवर राहणारा. माझ्या झाकणात खोबण खोल होती. ताईला तिच्या झाकणात उथळ दिसली. म्हणून मी माझा शिंपला चिखलातल्या घराण्यात घातला आणि त्याला सावळी या अर्थाचे नाव दिले. तिने तिचा वाळूतल्या घराण्यात घातला आणि गोरी या अर्थाचे नाव दिले. तिचा लेख माझ्या अकरा दिवस आधी छापून आला. पुढे तिने लिहिले की सावळीच्या लेखिकेला खोबण मोजता येत नाही. मी लिहिले की गोरीच्या लेखिकेने चष्मा बदलावा. मी पत्र पाठवले, "तुझा नमुना पाहायला पाठव." उत्तर आले, "तू आधी पाठव." त्यानंतर आम्ही बोललो नाही. आमचे हे गेले तेव्हा ती आली, दारात उभी राहिली आणि परत गेली. मला ते फार लागले होते. आजही लिहिताना लागते.

कलम ४. गेल्या मंगळवारी भाची माझ्याकडे आली. ती संग्रहालयात कामाला आहे; तिथल्या सूचीसाठी तिला दोन्ही शिंपले एका फोटोत हवे होते. मी माझा पाठवेना, म्हणून ताईने तिथे ठेवायला दिलेलाच घेऊन आली. दोन्ही काळ्या कापडावर ठेवले. भाची म्हणाली, "मावशी, दोन्हींची लांबी सारखीच आहे गं. एकेचाळीस पूर्णांक तीन मिलिमीटर." आम्ही दोघींनी तीच लांबी छापली होती आणि सत्तावीस वर्षे कोणाच्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता. मग मला चौथ्या वाढरेघेवरची, म्हणजे शिंपला वाढताना उमटणाऱ्या रेघेवरची, खाच दिसली, खेकड्याने चावा घेतल्याची. ती दोन्हींवर समोरासमोर होती. मी उजवे झाकण उचलले आणि डाव्यावर ठेवले. दातांत दात बसले. केसाएवढीही फट राहिली नाही.

एकच प्राणी. अर्धा चिखलात काळा पडला, अर्धा उन्हात पांढरा झाला आणि आतून झिजला. मी खुर्चीतून घसरून जमिनीवर बसले आणि इतकी हसले की सुतार करवत घेऊनच वर धावत आला.

कलम ५. सबब मी जाहीर करते की सावळी नावाचा वेगळा प्राणी नाही. मी आयुष्यात शोधलेला तो एकुलता एक होता. नियमाने आधी छापलेले नाव टिकते, म्हणजे ताईचे. पण खोबण खोल आहे, म्हणजे घराणे माझे. यापुढे या प्राण्याच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द घराण्याचा, म्हणजे मी निवडलेला, आणि दुसरा तिने ठेवलेला. शिवाय घराणे बदलले की प्राण्याच्या नावापुढे मूळ नाव देणाऱ्याला कंसात टाकतात. ताई यापुढे कायमची कंसात. याचा मला होणारा आनंद शोभत नाही, पण होतो.

कलम ६. हे सर्व माझ्या मृत्यूनंतर भाचीने छापावे आणि माझे डावे झाकण ताईला द्यावे.

कलम ७. कलम ६ रद्द. मसुदा वाचून वकीलबाई म्हणाल्या, "मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर उघडणार. ताई तीन वर्षांनी मोठ्या. त्या आधी गेल्या तर?" मी उठले. पेनाला टोपण लावले, दोन्ही डब्या पर्समध्ये टाकल्या आणि बसने चार थांबे गेले.

ताईने दार उघडले. "तू?"

"तुझा शिंपला आणलाय."

"माझा संग्रहालयात आहे."

"होता."

तिने आत घेतले. भिंग आणले, वाढरेघा मोजल्या, पुन्हा मोजल्या. मग म्हणाली, "माझी खोबण झिजलेली आहे."

"हो."

"म्हणजे उथळ नाही."

"नाही. पण नाव तुझंच राहतंय. अकरा दिवसांच्या फरकानं."

"आणि मी कंसात?"

"कंसात."

मग तिला हसू फुटले. हसता हसता तिची कवळी निसटून ओटीत पडली. तिला कवळी आहे हे मला माहीत नव्हते. मी तिला मिठी मारली आणि दोघी खूप रडलो, हसणे चालू ठेवूनच.

कलम ८. ताई या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणार आहे. वकीलबाईंच्या मते साक्षीदाराला मृत्युपत्राने काही घेता येत नाही. म्हणून थोरल्या बहिणीला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळणार नाही. डावे झाकण मी तिला आज, जिवंतपणी, हातात देत आहे. सुतारही साक्षीदार आहे, म्हणून कलम २ मधल्या वस्तूही त्याला आजच देऊन टाकल्या.

लिहून देणार: धाकटी बहीण (सही)

स्थळ: ताईचे घर, जेवणाचे टेबल
दिनांक: चौदा मार्च, शुक्रवार, दुपार

साक्षीदार १: तळमजल्यावरचा सुतार (सही). मला बोलावून घेतले. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: थोरली बहीण (सही). मजकूर वाचला. झाकण मी ठेवून घेणार नाही. दोन्ही अर्धे एका डबीत राहतील. डबी एक आठवडा तिच्याकडे, एक आठवडा माझ्याकडे. टपालाने पाठवायची नाही, दर शुक्रवारी स्वतः नेऊन द्यायची.