ताईच्या झोपेचं औषध

लूफंग,
१४ नोव्हेंबर १९८६

ताईला धाकट्या श्याओयुनचा नमस्कार.

पार्सल काल पोचलं. लोकर पाऊण किलो, साबणाच्या चार वड्या, उदबत्तीचे दोन पुडे. एक वडी ओली झाली होती, ती वाळवली. टपालाला दोन युआन घातलेस. पुढच्या वेळी इकडे येणाऱ्या कुणाच्या हाती दे. ग्वानयिन मातेच्या कृपेने आम्ही बरे आहोत. मुळा चांगला आला, लोणचं घातलं.

बरे आहोत हे खरं नाही. पण खोडून कागद घाण करत नाही.

टेकडीवरच्या खोदकामात यांना उन्हाळ्यापासून राखणदारी मिळाली, हे तुला लिहिलंच होतं. मागच्या आठवड्यात सांगाडा पुरता उघडा झाला. लांबच लांब मान, मागे वळलेली, आणि टोकाला अर्धाच जबडा. मोडलेली जागा ताजी आहे म्हणे. खोदकामाच्या प्रमुख चूबाईंनी यांना विचारलं, "पुदादा, राखण तुमची. उरलेला गेला कुठे?" आता यांची डब्याची पिशवी रोज झाडून बघतात. नळावर शेजारीण म्हणते, "पुवहिनी, हाडाचं सूप दाट झालं का गं?" महिनाअखेर मिळालं नाही तर यांना काढून टाकणार, वर चोर म्हणून तालुक्याला कळवणार.

काल मी डबा घेऊन गेले. चूबाईंनी हाडाचा एक तुकडा जिभेला लावला, तो चिकटला. मी हसून म्हटलं, "आम्हीही औषधाचं ड्रॅगनचं हाड असंच पारखतो."

"वहिनी, ड्रॅगन नव्हे हो हा. पाला खाणारं जनावर. मागच्या पायांवर उभं राहून फांद्या ओरबाडायचं. चिखलात रुतून मेलं असावं."

मग त्यांनी तो जबडा दाखवला. बारीक दात, पानाच्या आकाराचे, कडेला करवतीसारखे. डबा यांच्या हाती देऊन मी तशीच घरी आले.

ताई, झोपेसाठी कुटून घ्यायला सप्टेंबरात तुला पाठवलेला दगड आठव. मुठीएवढा, एका बाजूला ओळीने खडे. खोदकामाच्या धसलेल्या कडेला मिळाला, जिभेला चिकटला, म्हणून मी टोपलीत मुळ्याच्या पाल्याखाली घालून आणला. विचारायला हवं होतं. औषधवाला एवढ्याशाचे आठ युआन घेतो, म्हणून विचारलं नाही. ते खडे नव्हते.

यांना अजून सांगितलेलं नाही. हे खाली मान घालून जेवतात आणि मी भात वाढते.

आणि तुझं जन्मभराचं शाकाहाराचं व्रत. ड्रॅगन कात टाकावी तशी हाडं टाकतो, त्यात हत्या नाही, हे मीच तुला पटवलं. ते मेलं होतं ताई. त्याला तोंड होतं. इतकी वर्षं मी तुला काय पाजलं, ते लिहवत नाही. मातेपुढे उदबत्ती लावली, पण काय म्हणून क्षमा मागू ते सुचेना.

दगड कुटला नसशील तर कापसात गुंडाळून रजिस्टरने पाठव, पैशाकडे बघू नकोस. कुटला असशील तर पूड पाठव. दोन्हींपैकी जे येईल ते चूबाईंपुढे ठेवीन आणि माझं नाव सांगेन, यांच्या देखत.

तोवर खलबत्ता काढू नकोस. झोप आली नाही तर नुसती माळ ओढ, मीही इथे जागीच आहे. उलट टपाली एवढंच लिही: आहे, की नाही.

तुझी
श्याओयुन