कपाट धरून, कपाट सोडून

चि. धाकटीस,

थोरलीचे अनेक आशीर्वाद, आणि तुझ्या घरच्या माननीय सदस्यांना नमस्कार. (त्यांना आशीर्वाद द्यायचं माझं वय आहे, पण हुद्दा नाही.) तुमच्या सगळ्यांच्या तब्येती ठीक असतील असं धरून चालते. 'धरून' हा शब्द यापुढे मी जपून वापरणार आहे, का ते कळेलच. माझे गुडघे होते तसेच आहेत. आमच्या ह्यांचं ब्लडप्रेशर समितीची बैठक असली की चढतं आणि बैठक संपली तरी उतरत नाही. आईची तब्येत उत्तम. दोन्ही वेळा व्यवस्थित जेवते आणि मधल्या वेळात "कपाट बरं आहे ना गं?" एवढं विचारते.

तुझं पत्र मिळालं. कपाट अजून कसं आलं नाही, ताईने ते पाठवलं तरी आहे का, असा त्यातला सूर आहे. त्या सुराबद्दल मी काही बोलत नाही. 'आई तुझ्याकडे पुष्कळ राहिली, आता माझ्याकडे राहू दे' असं तू म्हणालीस तेव्हा मी नाही म्हटलं नव्हतं. आईही हो म्हणाली, पण कपाट बरोबर असेल तर. लोकांना हा म्हातारीचा हट्ट वाटतो. पण तुला माहीत आहे, तिला आता माणसाचा चेहरा दिसत नाही, नुसता आकार दिसतो. (थोरली मला आकारावरून लगेच ओळखू येते, असं तिने शेजारणीला सांगितलंय.) त्या कपाटापुढे मात्र तिला डोळ्यांची गरज पडत नाही. हात खांद्याइतका उचलला की औषधं, कोपराशी रुमाल, कमरेशी कपडे, वाकलं की शाल. कुणाला काही विचारावं लागत नाही. तिचं म्हणणं एवढंच, की स्वतःची वस्तू मागून घ्यायची वेळ आली की माणूस पाहुणा होतो, आणि तिला लेकीकडे पाहुणी म्हणून जायचं नाही.

म्हणून आधी कपाट पाठवायचं, ते तुझ्याकडे भिंतीला लागलं की मागून आई, असं ठरलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक ट्रकवाला आहे. त्याला सगळे पैलवान म्हणतात. (फुंकर मारली तर उडेल.) त्याचा ट्रक बेसिनांच्या आणि कमोडच्या पेट्या घेऊन तुमच्याच गावी निघाला होता. मागच्या बाजूला थोडी जागा होती, तिथे कपाट जुन्या ब्लँकेटांवर आडवं झोपवलं. त्याचे पाय वीतभर बाहेर राहिले, त्यांना लाल फडकं बांधलं. मी तेव्हाच म्हणाले, आत घ्या. पैलवान म्हणाला, "ताई, वीतभर तर आहे. वितीला कोण विचारतंय?"

वितीला तुमचे हे विचारतात.

ज्या माणसाला तू रोज चहा देतेस तो काय काम करतो हे तुला ठाऊक असेल, तरी सांगते, कारण लग्नाला इतकी वर्षं होऊनही माझा माणूस काय करतो ते मला परवा कळलं. सीमेच्या अलीकडे आमचे हे आणि पलीकडे तुमचे हे, दोघे सख्खे साडू, एकाच संयुक्त समितीवर आहेत. समितीचं काम एकच: अवजड मालट्रकांच्या वजनामापांचे दोन्हीकडचे नियम एकसारखे करायचे, म्हणजे ट्रक सीमेवर न अडता पुढे जावा. समिती नेमली तेव्हा माझी मुलगी शाळेत होती. आता ती शाळेत शिकवते. नियम काही एकसारखे झाले नाहीत, समितीतली माणसं मात्र दोन्हीकडची एकसारखी म्हातारी झाली. भांडण सगळं दोन शब्दांवर आहे. ट्रकची रुंदी आमच्याकडे मोजतात आरसे सोडून, तुमच्याकडे आरसे धरून. लांबी आमच्याकडे बाहेर आलेला माल सोडून, तुमच्याकडे तो धरून. वजन मात्र आमच्याकडे ड्रायव्हर धरून आणि तुमच्याकडे ड्रायव्हर सोडून. शिवाय आमच्याकडे अख्ख्या ट्रकचं वजन बघतात, तर तुमच्याकडे चाकांच्या प्रत्येक जोडीवर किती भार येतो ते. त्यामुळे दोन नाक्यांच्या मधल्या पट्ट्यात प्रत्येक ट्रक थांबतो, आरसे मिटतो, ड्रायव्हरला खाली उतरवतो, आणि हमाल पोती पुढून मागे नेतात. उलट्या दिशेचा ट्रक आला की मागून पुढे. (नियम एक झाले तर या हमालांनी काय करायचं, हाही विषय समितीपुढे पडून आहे.) मी घरात हिला धरसोड समिती म्हणते. आमच्या ह्यांना ते आवडत नाही, पण ते खोडूनही काढता येत नाही.

त्यात या दोघांचं बोलणं बंद. तुम्ही नवीन घर घेतलंत तेव्हा आम्ही जेवणाचं टेबल पाठवलं होतं. त्याचं माप आमच्या ह्यांनी कळवलं ते बाजूचे पंख सोडून, आणि तुमच्या ह्यांनी जिना मोजला तो कठडा धरून. टेबल पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये जे अडकलं ते सुताराने एक पंख कापला तेव्हा सुटलं. बोलणं अजून तिथेच अडकलंय. तुमचे हे त्या एकपंखी टेबलावर जेवायला बसले की साडूची आठवण काढतात, असं तूच लिहिलं होतंस. काय म्हणून काढतात ते लिहिलं नव्हतंस, तेवढी तू समजूतदार आहेस.

तर ट्रक आमच्या नाक्यावरून सुटला, कारण आम्ही वीत सोडून मोजली. पुढे तुमच्या नाक्यावर वीत धरून मोजली आणि ट्रक वीतभर लांब ठरला. कपाट आत घ्या म्हणाले. आत घेण्यासाठी बेसिनांच्या पेट्या पुढे सरकवल्या तर पुढच्या चाकांवर भार जास्त. पेट्या पुन्हा मागे आणल्या की कपाट बाहेर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मग परत न्यावं म्हटलं, तर आमचा नाका म्हणाला, माल एकदा बाहेर गेला, आता परत येणार तो आयात म्हणून. आईच्या लग्नातलं कपाट, ज्याच्या दारावर तू लहानपणी खिळ्याने बदक कोरलंस आणि मार मी खाल्ला, ते आता परदेशी माल झालं आहे.

कपाट तिथेच उतरवून ट्रक पुढे काढता आला असता. पण पैलवानाने आईला शब्द दिला होता, की कपाट तुमच्या लेकीच्या खोलीत उभं करूनच परत येईन. शब्द पाळणारा माणूस किती गैरसोयीचा असतो, ते मला या वयात समजलं. तो तिथे ठाण मांडून बसला. रोज फोन करायचा, आणि दर फोनमध्ये तो तिथे जास्त जास्त रुळल्याचं कळायचं. दोन्ही नाक्यांवरच्या शिपायांशी त्याची मैत्री झाली. पुढे तर तो कपाट दिवसा खाली उतरवून ट्रकशेजारी उभं करायला लागला, हवा लागावी म्हणून, आणि त्यात स्वतःचे शर्ट ठेवायला लागला. मी संतापले. आईने एवढंच विचारलं, की धुतलेले ठेवतो ना. तिकडे तुमच्या गावात एक अख्खी इमारत कमोडसाठी खोळंबली होती, तिचा मालक मला फोन करून ज्या शब्दांत बोलला ते शब्द माझ्या शिक्षणात नव्हते.

मी ह्यांना म्हटलं, साडूंना फोन लावा. हे म्हणाले, अशा गोष्टी वैयक्तिक पातळीवर करता येत नाहीत, मी पत्र पाठवतो. ते पत्र दोन्हीकडच्या खात्यांतून हिंडत तुमच्या ह्यांच्या टेबलावर गेलं आणि त्याच वाटेने उत्तर आलं. विषय: कपाट (एक). सदर कपाट हे 'माल' आहे की 'सामान', याचा खुलासा व्हावा. खुलासा करायला सासूबाईंना एक फोन पुरला असता. पण सासूबाईंचं समितीत प्रतिनिधित्व नाही.

मग बैठक लागली. आमचे हे चष्मा घरी विसरले, म्हणून मी तो घेऊन कचेरीत गेले. मागे एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसले. कुणी ऊठ म्हणालं नाही. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, कापडाला इस्त्रीने जळल्याचं भोक, आणि ते झाकायला बरोब्बर त्याच्यावर ठेवलेला लाकडी खेळण्यातला ट्रक. त्याचा एक आरसा तुटलेला आहे. (आमच्या बाजूचे लोक मुद्दा मांडताना तो हमखास हातात घेतात.) समोरासमोर आपले दोघे. दोघांच्याही अंगात आपल्या आईने विणलेले राखाडी स्वेटर, तिला दिसत होतं तेव्हाचे. तिने दोघांसाठी एकच माप घेतलं होतं. आमच्या ह्यांना तो पोटावर ताणतो, तुमच्या ह्यांच्या खांद्यावरून ओघळतो, पण आजवर दोघांपैकी एकानेही त्याला हरकत घेतलेली नाही. मी ते बघत होते आणि हे दोघे वितीवर बोलत होते. तुमचे हे म्हणाले, मागून येणाऱ्या गाडीला कपाटाचे पाय लागतील, म्हणून ती लांबीच. आमचे हे म्हणाले, मग लाल फडकंही लांबीत धरा. यावर कुणीतरी म्हणालं, की फडकं वाऱ्याने लांब होतं. मग वारा धरून मोजायचं की वारा सोडून, यावर चहा येईपर्यंत चर्चा झाली.

मला उभं राहायचं नव्हतं, गुडघ्यांनाही नव्हतं, पण राहिले. मी म्हणाले, "कपाट एक आहे, ट्रक एक आहे, रस्ता एक आहे. दोन काय ते तुम्हीच आहात."

अध्यक्षांना कमी ऐकू येतं. त्यांनी अदबीने विचारलं, बाई कोणत्या बाजूच्या? मी म्हटलं, मधल्या पट्ट्यातली. तशी नोंद झाली. दोघे साडू टेबलावरच्या ट्रककडे बघत राहिले. शेवटी ठरलं ते असं, की बाहेर आलेल्या वितीचा अभ्यास करायला उपसमिती नेमावी. सदस्य दोन. कोण दोन ते सांगायला नको.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, शक्य तितकं सौम्य करून. तिने ऐकलं. नंतर म्हणाली, "मग मला कपाट सोडून मोजा." पैलवानाचा फोन आला तेव्हा तिने तो हातात घेतला आणि त्याला म्हणाली, "बाबा, तुझा शब्द मी सोडला. तू जा." तो बिचारा रडवेला झाला. कपाट तिथेच ठेवून, शर्ट काढून घेऊन, तो बेसिनं पोचवायला निघून गेला.

त्यानंतर आई माझ्या कपाटात सराव करायला लागली. तुझ्याकडे दुसरंच कपाट असणार, आधी हात बसवून बघते म्हणाली. माझ्या कपाटाच्या फळ्या माझ्या उंचीच्या. तिला रुमाल म्हणून माझा पायमोजा सापडला, औषधांच्या जागी सुयादोऱ्याचा डबा. परवा ती दारात येऊन म्हणाली, "माझा रुमाल कुठे असतो गं?" इतक्या वर्षांत असं तिने मला कधी विचारलं नव्हतं. मी रुमाल काढून दिला, आणि स्वयंपाकघरात जाऊन सगळे डबे खाली काढून परत वर लावले. त्यांना तशी गरज नव्हती.

असो. आई येत्या रविवारी निघते. मी तिला बसने सीमेपर्यंत आणते. नियम काय असतील ते असोत, अलीकडून मी सोडते, पलीकडून तू धर.

तुझी,
थोरली

ता. क. कपाटाची काळजी करू नकोस. ते मधल्या पट्ट्यात ताठ उभं आहे. चहावाला त्यात कप ठेवतो आणि दोन्ही नाक्यांचे शिपाई छत्र्या. दोन्हीकडचे लोक एकाच नियमाने वापरतात अशी सीमेवरची ती एकमेव वस्तू आहे, असं बसचा कंडक्टर सांगत होता. आईला यातलं काही बोलू नकोस. छत्र्या ओल्या ठेवतात.

ता. क. दोन. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. आजच सुताराला बोलाव आणि आईच्या खोलीतल्या कपाटाच्या फळ्या बदलून घे. मूळ कपाट मोजायला हाताशी नाही, म्हणून मी आईला भिंतीशी उभं केलं आणि हवेतून औषधं घ्यायला सांगितली. हात जिथे थांबला तिथे पेन्सिलीने खूण केली. मग हवेतून रुमाल, हवेतून कपडे, वाकून शाल. तीन वेळा करून बघितलं, केसभरही फरक नाही. जमिनीपासून सेंटीमीटरमध्ये: औषधं एकशे अठरा, रुमाल ब्याण्णव, कपडे पंच्याहत्तर, शाल तीस. हीच मापं तिथे हवीत. तुझं-माझं काय व्हायचं ते होवो, हे एवढं तरी दोन्हीकडे एकसारखं असू दे.

ता. क. तीन. वरची मापं फळीची जाडी सोडून आहेत. ही सूचना आमच्या ह्यांची. खुणांपुढे बराच वेळ उभे राहिले, आणि म्हणाले, पलीकडचे सुतार जाडी धरतात की सोडतात ते विचारून घ्यायला हवं. मी म्हटलं, धाकटीला लिहिते. हे म्हणाले, नको, तांत्रिक बाब आहे, आणि स्वतः साडूंना फोन लावला. अजून बोलतायत. एकमत झालेलं नाही, पण फोनही कुणी ठेवलेला नाही.

ता. क. चार. आईला तिकडे करमलं नाही तर लगेच कळव. करमलं तरी कळव, पण ते जरा सावकाश कळवलंस तरी चालेल. भिंतीवरच्या खुणा मी पुसलेल्या नाहीत.