शामलाची हळद

रामदासपेठ, नागपूर
४ मार्च १९७४

लाडक्या सुभद्रेस ताईचा आशीर्वाद.

मी अंगण सारवत होते, तेव्हाच हे गेल्याचा निरोप आला. बायकांनी माझ्या शेणाच्या हातांतल्या बांगड्या फोडल्या, हातही धुऊ दिले नाहीत. परवा सिनेमात तेच पाहिलं, पण गाणं लावून.

शेजारची प्रेमिला घेऊन गेली होती. नायक-नायिका खऱ्या माणसांसारखे भांडतात, हसतात. ते मला आवडलं. पण नायिकेची विधवा बहीण लग्नात अपशकुन नको म्हणून विहिरीत उडी घेते, आणि लगेच वरात निघते! कादंबऱ्यांतही विधवेला असंच मारतात.

प्रेमिला डोळे पुसत म्हणाली, "कित्ती चांगली होती वं बिचारी!"

"मेली म्हणून चांगली ना वं? जगली असती तर तिले मांडवात येऊ दिलं असतं काय?" मी ओरडलेच.

'शामलाच्या लग्नाची हळद सुवासिनी कुटतील, ताई, तू मागच्या खोलीत बस,' असं तू लिहिलंस. मी 'बरं' कळवलं होतं. ते विसर. तुझी लेक माझ्या मांडीवर वाढली आहे.

तुझा गुडघा कसा आहे?

सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी मी हळकुंडं आणली आणि शामलाची हळद स्वतः कुटली.

तुझी,
ताई