दोन हातांचं दार

१ डिसेंबर, सकाळ
...शेण मी उचललं, धार ह्यांनी काढली. बादलीवर फडकं टाकून म्हणाले, जरा पेन्सिल दे. मागच्या हिवाळ्यातली सकाळ. आदल्या दिवशी उघड्या पत्र्याखाली चार दिवसांचं वासरू गारठून गेलं होतं. गोणीच्या कागदावर गोठा काढला. लांबी दहा हात, रुंदी सात, दार दोन हात रुंद. मग चहा प्यायलो. उन्हाळ्यात हे गेले. कागद राहिला.
गाय जानेवारीच्या मध्यावर विणार. तोवर गोठा उभा करायचा. सहा आठवडे म्हणजे पुष्कळ झाले.

४ डिसेंबर
पाया खणायला घेतला. सुतळी माझ्या हाताने मोजली, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. ह्यांनी कधी टेप वापरली नाही, मीही नाही वापरणार. धाकटे भावोजी कुंपणावरून म्हणाले, वहिनी, विहीर का? मदतीला येऊ का म्हणाले. म्हटलं, नको, वाचनालयातून पुस्तक आणलंय. मग फावडं पुस्तकाच्याच हातात द्या की, म्हणाले. मी हसले नाही.

११ डिसेंबर
पाया पूर्ण. पाठ वाकत नाही. म्हणजे ताठ राहते, चांगलंच आहे. मुलीचा फोन. आई, रडतेस का गं? सांगितलं, वेळ कुठे आहे. खरंच नाही.

१९ डिसेंबर
विटांचे सहा थर. पश्चिमेची भिंत किंचित बाहेर झुकली आहे. वारा त्याच बाजूने येतो, तो सरळ करील. गोठा कागदावर मोठा वाटत होता. थंडीत वस्तू आकसतात. रविवारपर्यंत सगळ्या भिंती.

२२ डिसेंबर, रविवार
भिंती नाहीत. या थंडीत सिमेंट धरत नाही. माझा काय दोष?

३० डिसेंबर
भिंती झाल्या. छप्पर नाही. पुस्तकात पान ४१ वर आहे, जनावरांना खेळती हवा हवी. त्या दृष्टीने छप्पर नसणं तूर्त हिताचंच. गाय अजून पत्र्याखाली. पाठीवर गोधडी बांधली, ती तिने अर्धी खाल्ली.
नव्या वर्षाचा निश्चय: भावोजींचं फार ऐकायचं नाही.

६ जानेवारी
भावोजींनी न विचारता पत्रे चढवले. पश्चिमेच्या भिंतीला टेकू दिला. मी खालून सूचना देत होते, म्हणजे काम माझंच म्हणायला हवं.

१२ जानेवारी, दुपार
गायीला आत घेतलं. म्हणजे डोकं, मान आणि पुढचे पाय घेतले. पोटाशी अडकली. भावोजी मागून ढकलत होते, मी पुढून ओढत होते, ती मधे निवांत रवंथ करत होती. हिला आत न्यायचंय की दाराला बूच लावायचंय, भावोजी ओरडले. मग विचारलं, दार कोणत्या मापाने? म्हटलं, दोन हात, त्यांनीच लिहिलंय. कोणाचे हात, म्हणाले.
भावोजींनी आपला हात माझ्या हाताला लावून धरला. चार बोटं लांब निघाला. म्हणाले, दादाचा माझ्याहून लांब होता.
गाय मागे काढायला अर्धा तास लागला. तिची कास भरलीय, दोन-तीन दिवसांवर आलंय. जाताना भावोजी म्हणाले, उद्या टेप आणतो, सरळ गायच मोजू. म्हटलं, आणा.

१३ जानेवारी, सकाळ
भावोजी यायच्या आधी कपाटातून ह्यांचा स्वेटर काढला. कोपरावर विरलेल्या जागेपासून मनगटापर्यंत सुतळी धरली. पुढचा पंजा अंदाजाने धरला. तिथे गाठ मारली. दुप्पट लांबी दारात जमिनीवर आखली आणि उजव्या बाजूच्या विटा काढायला घेतल्या.