तीन भोंगे

प्रिय दादा,

तुला आणि वहिनींना नमस्कार. पाठ आता बरी असेल (नसेल तर हे पत्र आडवा होऊन वाच, लांबलं आहे).

शनिवारी सकाळी मी काकांची दाढी करून दिली आणि त्यांची बॅग भरली. काकी गेल्यापासून ते खुर्चीतून उठत नाहीत, तेव्हा रविवारी त्यांना कायमचं तुझ्याकडे आणायचं हे आपलं ठरलंच होतं. काका एवढंच म्हणाले, "तू आमच्या खाणीच्या इमारती बघून ये. मला दारापर्यंतही चालवत नाही."

गेलो. दिवे ठेवायच्या खोलीत रिकाम्या खुंट्यांच्या रांगाच रांगा. हजेरीच्या खिडकीचा दगड माणसांच्या कोपरांनी झिजून खोलगट झालेला. प्रार्थनेच्या खोलीत ऊन असं निवांत पडलं होतं, की जोडलेले हात सोडायचं मी विसरलो. (मी घोरत होतो, असं तिथल्या गाइडबाई म्हणतात. असू दे.)

त्याच तंद्रीत भोंग्याच्या खोलीत पोचलो. "ओढून बघा की, चालू आहे," बाई म्हणाल्या. ओढला. आवाज डोंगराला टेकून परत आला, इतका छान की पुन्हा ओढला. दोनावर थांबणं बरं वाटेना, म्हणून देवाचं नाव घेऊन तिसऱ्यांदा. बाई पांढऱ्याफटक पडल्या. तीन भोंगे म्हणजे खाणीत अपघात! खाण बंद होऊन अकरा वर्षं झाली, पण गावाचे कान अजून कामावरच आहेत.

पाच मिनिटांत सगळे खाणीच्या तोंडाशी. कोणी दोरखंड घेऊन, कोणी जखमींना न्यायला घराचं दारच उचलून, न्हावी तर साबण लावलेल्या गिऱ्हाइकासकट. आणि सगळ्यांच्या पुढे, लेंग्यावर हेल्मेट घातलेले आपले काका!

"रांगा करा! आत किती जण आहेत?"

कोणीच नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू होय! अरे गाढवा, दोन भोंग्यांच्या मध्ये दहा आकडे मोजायचे असतात."

माणसं हसली आणि घरी जायचंच विसरली. संध्याकाळपर्यंत काकांनी मला प्रत्येक इमारत नव्यानं दाखवली, बाईंच्या चुका काढत काढत. मी त्यांच्या मागून चालत होतो, दादा, आणि मला धाप लागली होती.

तुझा धाकटा

ता. क. काका येत नाहीत. रागावू नकोस, महिन्यातून एकदा तूच ये.

ता. क. पुन्हा. एक गोष्ट काकी गेल्या तेव्हाच तुला सांगायची होती, धीर झाला नाही. माझ्यामागे तरी कोण आहे? सोमवारी मी माझी भाड्याची खोली सोडली. हे पत्र काकांच्या ओसरीवरून लिहितो आहे.