पारसचा परत गेलेला मेल

६ जानेवारी २००४, नारायणगाव

उघडत नाही! दुबईहून सीडी आली. पारसच्या ऑफिसातल्या मित्राने त्याचे सगळे मेल एका फाईलमध्ये घालून पाठवलेत. क्लिक केलं की कॉम्प्युटर मलाच विचारतो – ही कशाने उघडू? मला काय माहीत!

वारूळवाडीला बाळासाहेबांचा कॉम्प्युटर क्लास आहे, तिथे नेली. म्हणाले, "वहिनी, मेलचं हे सॉफ्टवेअर लई जुनं. आता कुणी वापरत न्हाई. आपल्याकडं कुठनं मिळायचं?"

घरी आले तर सासूबाई दारातच उभ्या. "बोलला का?"

"नाही, आई. फाईल उघडलीच नाही."

८ जानेवारी

आईंचं आजही एकासणं. दिवसातून एकदाच जेवायला बसायचं, तेही दोन घास. सासरेबाबा दुकानातून आले आणि आईंवर ओरडलेच – "जतन, अशानं तू बी जाशील!"

आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, पारस दुबईला नोकरीला निघाला. आई म्हणाल्या होत्या, "गेलास तर मला मेलास." त्यानंतर त्याच्या फोनवर कधी आल्याच नाहीत. मागच्या पर्युषणात त्याने आईंची क्षमा मागायला स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला आणि मला मेल केला. फाईल मोठी, माझा मेलबॉक्स एवढासा – परत गेला. फोनवर हसत म्हणाला, "राहू दे. दिवाळीला येतोच आहे, समोर बसून मागीन."

दिवाळीच्या आधीच त्याची गाडी ट्रकखाली गेली.

त्या आवाजाचं मी आईंना नंतर सांगितलं. तेव्हापासून एकच – "मला ऐकव."

१३ जानेवारी

पुण्यात दोन ठिकाणी फोन केला. दोन्हीकडे ते सॉफ्टवेअर नाही.

१९ जानेवारी

काहीच सुचेना म्हणून क्लासवर जाऊन फाईल साध्या वर्डपॅडमध्ये उघडली. आधी नुसते चौकोन, वेडीवाकडी चिन्हं. खाली खाली जात राहिले – आणि माझं नाव! इंग्रजी अक्षरांतलं त्याचं मराठी. 'सिद्धी, बाजारात टोमॅटो बघितले. आपल्याकडचेच वाटले. उगाच हातात घेऊन उभा राहिलो.'

क्लासमध्ये सगळ्यांसमोर रडले.

पण पर्युषणातल्या मेलखाली अर्थ नसलेली अक्षरंच अक्षरं. मध्ये जागा नाही, पानंच्या पानं. आवाज कुठे आहे?

२० जानेवारी

बाळासाहेबांनी ती पानं बघितली. "वहिनी, आवाज ह्योच. मेलमधनं धाडताना त्याची अशी अक्षरं व्हत्यात. आपण परत उलटी करायची."

तेवढाच तुकडा कापून वेगळी फाईल केली, नावाचं शेपूट बदललं आणि झिप उघडायच्या प्रोग्रामला दिली. पहिल्यांदा फसलं – माझ्या हातून शेवटच्या ओळी कापायच्या राहिल्या होत्या. पुन्हा केलं. आवाजाची फाईल निघाली!

मी ऐकली नाही. आधी आईंनी ऐकायची.

२१ जानेवारी

आईंना क्लासवर नेलं. बाबाही दुकान बंद करून आले. बाळासाहेब आपणहून बाहेर गेले.

खरखर. खोकला. मग पारस –

"आई, मिच्छामि दुक्कडम्. तुला दुखवून आलो. मनात ठेवू नको... सिद्धीवर राग काढू नको. त्या घरात तिला तरी माझ्याशिवाय कोण आहे?"

आईंनी स्पीकरवर हात ठेवला. "मीच दुखवलं रे. मलाच माफ कर." बाबा भिंतीकडे तोंड करून उभे.

पुन्हा लावू का, विचारलं.

"नको. गेला माझा पारस."

गेला – हा शब्द त्यांच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकला. रिक्षात माझा हात सोडला नाही. घरी येऊन माझ्या ताटाशेजारी ताट मांडलं आणि जेवल्या.

२ फेब्रुवारी

रोज एक मेल आईंना वाचून दाखवते. थोडेच उरलेत. मी मुद्दाम सावकाश वाचते.

११ फेब्रुवारी

आईंनी मंचरला माझ्या पप्पांना फोन केला. मी स्वयंपाकघरात होते, ऐकू आलं. "सिद्धीसाठी स्थळ बघा. समाजाला काय सांगायचं ते मी सांगीन. कन्यादान आमी करू."